पेय कशाने टिकते : बीडची शिंदी, आंबील आणि नव्या बीअरचा प्रश्न

मद्याचा एखादा नवा प्रकार टिकेल की ओसरेल, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या चवीत शोधले जाते. पेयांचा इतिहास पाहिला तर मात्र चवीचा वाटा त्यात लहानच असल्याचे दिसते. कच्चा माल किती जवळून येतो, तो पेयात उतरवण्याची विद्या कोणाच्या हाती असते आणि पुढच्या पिढीकडे ती जाते की नाही, त्या पेयाला वर्षाच्या रहाटीत काही जागा असते का, आणि सरकारला त्यावरचा कर सहज गोळा करता येतो का, या गोष्टींनी पेयांचे आयुष्य ठरवलेले आहे. बीड जिल्हा या विचाराला भक्कम आधार देतो. निजामी राजवटीत येथे सर्रास प्यायली जाणारी शिंदी आज जवळपास दिसेनाशी झाली आहे, उसाच्या मळीपासून बनणारी देशी दारू तिच्या जागी बसली आहे, आणि ज्वारीच्या पिठाची, नशा न आणणारी आंबील मात्र जिल्ह्याच्या दक्षिण भागात ठरलेल्या अमावास्येला शेतात आजही प्यायली जाते. या तिन्हींचे नशीब नीट पाहिले म्हणजे पुण्या-मुंबईत सध्या गाजणाऱ्या क्राफ्ट बीअरच्या नव्या प्रकारांविषयी बरेच काही ठामपणे सांगता येते.

क्राफ्ट बीअर म्हणजे मोठ्या कारखान्याच्या एकसाची उत्पादनाबाहेर, लहान टाक्यांमध्ये, धान्य आणि हॉप्स निवडून बनवलेली बीअर. हॉप्स ही एका वेलीची सुगंधी, कडवट फुले असून बीअरला कडूपणा, गंध आणि काही प्रमाणात टिकाऊपणा त्यांच्यामुळे येतो. महाराष्ट्रात या चळवळीची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात झाली. त्या वर्षी सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरच्या साहाय्याने ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जेथे बीअर बनते तेथेच ती टाकीतून थेट पेल्यात विकणारी जागा, सुरू केली. पुढे पुणे आणि मुंबईत अशा जागा वाढत गेल्या, कोकम घातलेली बीअर निघाली, पुण्यातच २०१८ च्या सुमारास मधापासून बनणाऱ्या ‘मीड’ या प्राचीन मद्याचे उत्पादन सुरू झाले, आणि अमेरिकेत गाजलेला प्रत्येक प्रकार थोड्याफार अंतराने येथील फळ्यांवर खडूने लिहिला जाऊ लागला.

त्यांतला सर्वांत गाजलेला प्रकार ‘हेझी आयपीए’ हा होय. मूळ आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडहून मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांकडे पाठवली जाणारी, हॉप्स भरपूर घातलेली फिकट बीअर होती. हेझी आयपीए हे तिचे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील नवे रूप असून ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ ही बीअर २०११ पासून डब्यात मिळू लागल्यावर ते जगभर पसरले. यात गहू आणि ओट वापरल्याने बीअर गढूळ दिसते, हॉप्स उकळीत थोडे आणि आंबवणीच्या काळात पुष्कळ घातल्याने कडूपणा कमी होऊन आंबा-संत्र्यासारखा गंध वर येतो. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या तेथील राष्ट्रीय बीअर स्पर्धेत सर्वाधिक प्रवेशिका याच प्रकाराच्या आल्या. जवळजवळ त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली ‘ब्रूट आयपीए’, जिच्यात विकरांच्या साहाय्याने साखरेचा अंशही शिल्लक ठेवला जात नाही, काही महिन्यांत सर्वत्र पोचली आणि एक-दोन वर्षांतच बहुतेक ठिकाणांहून उठून गेली. एकाच नावाखाली, एकाच देशात, एकाच काळात निघालेल्या दोन प्रकारांचे असे भिन्न भवितव्य झाले. कोरडेपणा हा काही दोष नव्हता. पण ब्रूट आयपीएमागे ना कोणते खास धान्य होते, ना प्रदेश, ना एखादा पिण्याचा प्रसंग.

याच्या उलट उदाहरण बेल्जियममधील हुगार्डन या गावाचे आहे. मोड न आणलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल यांपासून बनणारी तेथील पांढरी बीअर १९५७ मध्ये गावातील शेवटची ब्रुअरी बंद पडल्याने संपली होती. त्या ब्रुअरीच्या शेजारी वाढलेल्या पिएर सेलिस यांनी १९६० च्या दशकात ती बीअर पुन्हा सुरू केली. आज भारतात गव्हाची बीअर म्हणून जी ओळखली जाते आणि २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘बीरा ९१’ ने जिला शहरांबाहेर नेले, ती त्याच कुळातली आहे. कृती ठाऊक असलेला माणूस, गावात उगवणारे धान्य आणि जुन्या गिऱ्हाइकांची आठवण या तीन गोष्टी जिवंत असल्या तर मेलेले पेयही उठते, हे या उदाहरणाने दाखवले. शिंदीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकेक करून कशा तुटत गेल्या, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

धान्य आंबवून मद्य करण्याची विद्या या देशात बाहेरून आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याच्या प्रकरणात ‘मेदक’ नावाच्या पेयाचे प्रमाण दिले आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे उडीद आणि तांदळापासून केलेले विरजण. भात, पाणी आणि विरजण यांपासून होणारे हे पेय आजच्या व्याख्येने बीअरच ठरते, आणि त्याची कृती ज्या प्रकरणात येते ते प्रकरण मुळात करवसुलीचे आहे, ही गोष्ट पुढच्या सर्व इतिहासाला लागू पडते. बीडचा प्रदेश पुढे ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मद्यपानालाही स्थान आहे. तथापि राजाचे पेय आणि गावाचे पेय या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

गावाचे पेय होते शिंदी. हे नाव झाडाचे आणि रसाचे एकच आहे. शिंदीचे झाड म्हणजे रानखजूर. ते बालाघाटच्या उतारांखालच्या ओढ्यांच्या काठी, नाल्यांच्या बांधांवर, जेथे खडकाखाली थोडी ओल राहते तेथे आपोआप वाढते आणि त्याला कोणी पाणी घालत नाही. पावसाळा संपून थंडी सुरू झाली की झाडाच्या शेंड्याखालील झावळ्या एका बाजूने साफ करून खोडाच्या कोवळ्या भागावर धारदार कोयत्याने काप दिला जातो, त्याखाली रस वाहून नेणारी पाचर बसवली जाते आणि तिच्या टोकाला संध्याकाळी मडके बांधले जाते. रात्रभर थेंबथेंब साचलेला रस पहाटे उतरवला जातो. तो लगेच, ऊन लागण्यापूर्वी, प्यायला तर गोड आणि निर्मद असतो व त्याला नीरा म्हणतात. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे काही काळ थांबते. चुना नसेल तर हवेतील आणि मडक्यातील यीस्ट व जिवाणू पहाटेपासूनच काम सुरू करतात, सकाळी तो फेसाळतो, दुपारपर्यंत सौम्य बीअरइतका मद्यार्क त्यात येतो आणि दुसऱ्या दिवशी तो आंबटढाण होऊन शिरक्याच्या वाटेला लागतो. एका हंगामात झाडाच्या एका अंगाला काप दिला तर पुढच्या हंगामात दुसऱ्या अंगाला द्यायचा आणि मधले काही दिवस झाडाला विसावा द्यायचा, हा नियम पाळला तर एकच झाड अनेक वर्षे रस देते. ज्या खोडावर आलटून पालटून नागमोडी खाचा दिसतात, त्या खोडाने किती हंगाम पाहिले हे त्या खाचांवरूनच मोजता येते. काप खोल गेला तर झाड मरते, उथळ राहिला तर रस येत नाही. नेमकी खोली हात सांगतो, आणि तो हात वडिलांच्या किंवा मामांच्या हाताखाली तयार होतो.

एका दिवसाच्या आत प्यावे लागणारे पेय दूर जाऊ शकत नाही. शिंदी म्हणूनच गावाची राहिली : झाड गावचे, काढणारा गावचा, पिणारा गावचा. हेझी आयपीएचेही आयुष्य असेच तोकडे आहे. तिच्यातील हॉप्सचा गंध हवेतील प्राणवायूने आणि उष्णतेने झपाट्याने मरतो, काही आठवड्यांत रंग करपट होतो आणि चव ओल्या पुठ्ठ्याकडे झुकते. ती टाकीशेजारीच प्यावी लागते, किंवा बनल्यापासून पेल्यात पडेपर्यंत अखंड थंड ठेवावी लागते. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जाणाऱ्या आणि वीज वारंवार जाणाऱ्या प्रदेशात ही साखळी सांभाळणे अतिशय महाग पडते, आणि आयपीएचे हे नवे रूप मराठवाड्यात रुजण्यातली पहिली अडचण येथेच आहे.

शिंदी एवढी स्थानिक असली तरी ती सरकारच्या नजरेतून सुटलेली नव्हती. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. अबकारी म्हणजे मद्य व मादक पदार्थांवरील कराची बाब, आणि ती संस्थानाच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक होती. हैदराबादचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या १९०६-०७ या वर्षाचा; फसली ही पिकांच्या हंगामानुसार चालणारी महसुली कालगणना असून तिच्या वर्षात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. या व्यवस्थेत शिंदीची झाडे मोजली जात, रस काढायच्या झाडावर कर बसे, जमीन ज्याची असेल त्याला मालकी हक्काचा लहानसा वाटा मिळे आणि विक्रीचा हक्क लिलावाने मक्तेदाराला दिला जाई. त्या ठेक्याला गुत्ता म्हणत आणि दुकानालाही तेच नाव पडले. ओढ्याकाठी कोणी न लावता उगवलेले झाड अशा रीतीने राज्याच्या हिशेबवहीत आले. शिंदीबरोबर मोहाच्या फुलांची गाळलेली दारूही विकली जाई. पण दारू गाळण्याला भट्टी लागते, ती एका ठिकाणी आणून तिच्यावर पहारा ठेवणे सरकारला सोपे जाते, आणि जे पेय एका जागी बांधता येते त्याच्याकडे कोणतेही सरकार हळूहळू झुकते. शिंदीच्या झाडांना मात्र कुंपण घालता येत नव्हते.

याच कारणाने शिंदीची झाडे राजकीय लढ्यात सापडली. स्वामी रामानंद तीर्थ हे १९३५ पासून मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील योगेश्वरी नूतन विद्यालयात शिक्षक म्हणून काम करत होते आणि १९३८ च्या सत्याग्रहासाठी ते तेथूनच बाहेर पडले. हैदराबाद स्टेट काँग्रेसने त्यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ पासून संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठी जे आंदोलन सुरू केले, त्यात करोडगिरी नाके म्हणजे जकात चौक्या उठवणे आणि शिंदीची झाडे तोडणे हे ठळक कार्यक्रम होते. यामागे दोन हेतू एकत्र आले होते : निजामाचे उत्पन्न तोडणे, आणि गांधीजींच्या कार्यक्रमातील दारूबंदी पुढे नेणे. शाळा सोडलेले विद्यार्थी आणि शेतकरी रात्री ओढ्याकाठी जाऊन कुऱ्हाडी चालवत. मुक्तिसंग्रामाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, कारण रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, बळावर चालणाऱ्या राजवटीला पैसा पुरवणारा तो झरा होता. पण त्याची एक किंमत होती आणि तीही इतिहासाने नोंदवली पाहिजे : पन्नास-साठ वर्षांचे झाड एका रात्रीत पडते आणि त्यावर चढणाऱ्याचा धंदा त्याच रात्री संपतो.

उरलेले काम कायद्याने केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये या भागालाही लागू झाला. बंदीच्या काळात शिंदी काढणे गुन्हा ठरले. गाळलेली दारू लपवता येते, बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवता येते. शिंदी लपत नाही, कारण मडके झाडावर उघड्यावर टांगलेले असते आणि रस उद्यापर्यंत राहत नाही. दारूबंदीने सर्वांत सौम्य पेय आधी मारले आणि सर्वांत तीव्र पेयाला अंधारात जागा दिली, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९६० च्या दशकात बंदी सैल होऊ लागली, १९७३ मध्ये महाराष्ट्राचे देशी मद्याचे नियम झाले, आणि परवानाधारक दुकानांतून मळीच्या मद्यार्काची बाटलीबंद दारू मिळू लागली. तोपर्यंत झाडावर चढणाऱ्यांची एक पिढी दुसऱ्या कामाला लागलेली होती.

देशी दारू का टिकली याचे उत्तर बीडच्या नकाशावरच लिहिलेले आहे. साखर कारखान्यात रसातून साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट द्रव उरतो ती मळी. एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. अंबाजोगाई, तेलगाव, पांगरी, कडा आणि गेवराई या भागांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले, राज्यभर उसाचे क्षेत्र वाढले, आणि मळी ही कधी न संपणारी, एका जागी साठणारी, मोजता येणारी वस्तू झाली. कर वसूल करणाऱ्याला याहून सोयीचा कच्चा माल मिळणे अवघड आहे. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला बीडचा ऊसतोड मजूर उभा आहे, जो दिवाळीनंतर बैलगाडी किंवा ट्रकमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातो. त्याच उसाच्या मळीची दारू त्याच्या मजुरीतला हिस्सा खाते आणि त्याचा मार त्याच्या घरातल्या बाईला बसतो. एखादे पेय टिकले म्हणजे ते चांगले ठरले, असा अर्थ म्हणूनच कोणी काढू नये. ‘आडवी बाटली’ हे शब्द महाराष्ट्रातील बायकांनी राजकारणात आणले आहेत : २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तर मद्याचे दुकान बंद करावे लागते. कोणतेही पेय येथे रुजवू पाहणाऱ्याने हा मतदारवर्ग आधी लक्षात घ्यावा.

कारखान्याची बीअर मराठवाड्यात आली ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींतून. जव उत्तर भारतातून, हॉप्स परदेशातून आणि पाणी जायकवाडीच्या जलाशयातून, असा तिचा ताळेबंद आहे. याच जलाशयाचे पाणी पैठणच्या उजव्या कालव्याने माजलगावच्या धरणाकडे, म्हणजे बीड जिल्ह्याकडे, येते. २०१६ च्या दुष्काळात, ज्या वेळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बीअर कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. बीडच्या परमिट रूममध्ये आणि बीअर शॉपीत जे विकले जाते ते बहुतांश याच पद्धतीचे, जास्त मद्यार्काचे ‘स्ट्राँग’ उत्पादन असते, कारण गिऱ्हाईक किमतीच्या मानाने नशा मोजते. अशा बाजारात चार-साडेचार टक्क्यांची, चवीसाठी प्यायची बीअर मागे पडते. शिवाय प्रत्येक राज्यात मद्याच्या लेबलची स्वतंत्र नोंदणी लागते. ‘बीरा’च्या कंपनीने नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द वगळल्यावर लेबलांची पुन्हा नोंदणी करावी लागली आणि विक्री काही महिने खोळंबली. गिऱ्हाइकाला पसंत पडलेला प्रकारही कागदावर अडकून पडतो.

आता ज्या पेयाला लेबल नाही, कर नाही आणि जाहिरातही नाही, त्याकडे वळले पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई-परळीकडच्या भागात वेळा अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस, साजरी होते. त्या दिवशी रब्बीच्या उभ्या ज्वारीत कडब्याची कोप उभारून पांडवांची म्हणून पाच दगडांची पूजा होते आणि सगळे गाव शेतात जेवते. जेवणात भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील असते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबवायचे, शिजवून पातळ करायचे, त्यात लसूण, आले आणि मीठ घालायचे, आणि मातीच्या बिंदग्यात भरून ते शेतात न्यायचे, ही तिची कृती. बिंदग्यातली आंबील वाटीने ओतली की वर ताकाचा आंबूस वास येतो, खाली पिठाचा साका बसतो, आणि हलवल्याशिवाय ती पिऊ नये हे लहान मूलही जाणते. आंबिलीतही आंबवण आहे, तेही दुग्धाम्ल जिवाणूंचे. बीअरच्या ज्या आंबट प्रकारांना शहरांत आज मोल आले आहे, त्यांचा आंबटपणाही याच जिवाणूंचा असतो. आंबील टिकली, कारण ज्वारी घरची आहे, कृती प्रत्येक घरातील बाईला येते, आणि वर्षातला एक दिवस तिच्यासाठी राखलेला आहे. कोणत्याही अधिकाऱ्याला तिच्यात रस नव्हता, हेही तिच्या पथ्यावर पडले.

ज्वारी आंबवता येते, तर ज्वारीची बीअर का नको, हा प्रश्न येथून सहज निघतो, आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाल्यापासून तो अधिकच विचारला जाऊ लागला आहे. ज्वारीची बीअर ही जगात नवलाईची गोष्ट नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेची. सुदानची मेरिसा, बुर्किना फासोची डोलो ही तिची दाट, गढूळ, आंबट मद्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून तेथे ती बहुधा बायकाच बनवतात. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील मोठ्या कारखान्यांना देशी ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले, आणि बंदी उठल्यावरही ज्वारीचा वापर चालू राहिला. सरकारच्या एका निर्णयाने धान्य बदलले आणि शेतकरी, व्यापारी व कारखाना यांची साखळी तयार झाल्यावर ते टिकले.

बीडमध्ये अशी साखळी उभी राहण्यापुढे काही खऱ्या अडचणी आहेत. बीअरसाठी धान्याला मोड आणून ते वाळवावे लागते, त्याला माल्ट म्हणतात. मोडात तयार होणारी विकरे पुढे पिठूळ भागाची साखर करतात. ज्वारीच्या मोडात यांतले एक महत्त्वाचे विकर जवाच्या मानाने कमी असते, तिचे पीठ शिजायला अधिक उष्णता लागते, आणि जवाला जसे टरफल असते तसे नसल्याने रस गाळताना चाळणी तुंबते. याखेरीज ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेने सांगावे लागत नाही. कोवळी ज्वारी खाल्लेल्या जनावराला किराळ लागते आणि ते तडफडून मरते, हे त्याने पाहिलेले असते. माल्ट करताना मोड आणि मुळे झाडून टाकावी लागतात आणि उष्णता नीट द्यावी लागते. या सर्व गोष्टींवर उपाय आहेत. आफ्रिकेने ते शोधलेही आहेत.

मोठी अडचण भावाची आणि नीतीची आहे. बीडची खरी ज्वारी रब्बीची. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला ‘मालदांडी’चा एम ३५-१ हा वाण दशकानुदशके या पट्ट्यात चालत आला, कारण त्याची भाकरी पांढरी व गोड होते आणि कडबा जनावराला आवडतो. अशी ज्वारी बीअरच्या टाकीत घालणे ना परवडते ना शोभते. उरते ती खरिपाची, काढणीच्या वेळी पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी. राज्य सरकारने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या उद्योगांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा हाच युक्तिवाद पुढे केला होता, डॉ. अभय बंग आणि अण्णा हजारे यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि अन्नाचे मद्य करण्यासाठी जनतेचा पैसा का द्यावा, या त्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. एका मायक्रोब्रुअरीला वर्षाला लागणारे धान्य या वादापुढे नगण्य असते, हे खरे. पण मग त्या बीअरने जिल्ह्याच्या शेतीचे भले होईल असा दावाही कोणी करू नये.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे फळ घातलेल्या बीअरसाठी हे नाव वापरण्याचा मोह होणे साहजिक आहे. गर दोन दिवसांत काळवंडतो आणि हंगाम दोन-तीन महिन्यांचाच असतो, तेव्हा हे पेय हंगामी राहील. त्यात वावगे काही नाही, कारण शिंदीही हंगामीच होती.

शिंदीचे झाड पूर्ण गेलेले नाही. त्याच्या पातींचे फडे आणि केरसुण्या बांधणारी कुटुंबे मराठवाड्यात अजून आहेत, आणि लक्ष्मीपूजनाला घरात येणारी नवी केरसुणी, जिला लक्ष्मी म्हणूनच हळदकुंकू वाहिले जाते, ती या झाडाची असते. झाड टिकले ते पूजेच्या आणि झाडलोटीच्या आधारावर. रस काढण्याची विद्या गेली. तिचे नाव मात्र अनेक ठिकाणी वेगळ्याच द्रवाला चिकटले : शिंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात झाडाचा रस नावाला आणि क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मुख्य, अशी प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार उघडकीला आली आहेत. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात आयपीए हे नाव साडेतीन टक्क्यांच्या सौम्य बीअरला लागलेले होते आणि मूळ पेय कोणाच्या स्मरणात उरले नव्हते. हेझी आयपीएच्या वाट्यालाही हेच येण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे : नाव राहील, डब्यावरचे ढगाळ चित्र राहील, आत मात्र स्वस्त आणि अधिक दिवस टिकणारी दुसरीच बीअर असेल.

एकंदर निवाडा द्यायचा तर असा देता येईल. गव्हाची, धणे घातलेली बीअर महाराष्ट्रात टिकेल, कारण गहू आणि धणे येथलेच आहेत आणि तिचा कडूपणा येथील जिभेला झेपतो. ताजी, खरी हेझी आयपीए पुण्या-मुंबईच्या मोजक्या टाक्यांत, टाकीशेजारी बसून पिणाऱ्यांपुरती राहील आणि बालाघाट चढून बीडला येणार नाही. ज्वारीची बीअर दोन-चार हंगामांची हौस ठरेल, जोपर्यंत तिचे माल्ट करणारा कारखाना ज्वारीच्या पट्ट्यात उभा राहत नाही आणि शेतकऱ्याशी खरिपापूर्वी भावाचा लेखी करार होत नाही. आणि शिंदी काढण्याचे ज्ञान असलेले जे थोडे वृद्ध हात मराठवाड्यात शिल्लक असतील, त्यांच्याकडून कापाची खोली, विसाव्याचे दिवस आणि चुन्याचे प्रमाण येत्या काही वर्षांत विद्यापीठांनी लिहून घेतले नाही, तर हुगार्डनसारखे पुनरुज्जीवन येथे कधीही शक्य होणार नाही.